मॅम, पीडीएफ मिळेल?

गुरुवार. सकाळचे साडेसात. ज्या वेळी तुम्ही अलार्म स्नूझ करून दुसऱ्या कुशीवर वळलेले असता, त्या वेळी मी हातात मार्कर घेऊन 42 जांभयांसमोर उभी असते.

झालं असं की, 2025 च्या जुलैत पुण्यातल्या एका कॉलेजनं विचारलं, 'आमच्या मास मीडियाच्या थर्ड इयरला रिपोर्टिंग शिकवाल का, आठवड्यातून एक दिवस?' फ्रीलान्स पत्रकाराला महिन्याच्या वीस तारखेनंतर कुठलंही काम उदात्त वाटायला लागतं. मानधनाचा आकडा ऐकून मी दोन सेकंद गप्प झाले आणि मग 'हो' म्हणाले. नावापुढे व्हिजिटिंग फॅकल्टी लागणार होतं. आई खूश झाली. 'शेवटी मास्तरीण झालीस,' म्हणाली.

त्या दिवशी विषय होता इन्व्हर्टेड पिरॅमिड. बातमीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. आमच्या धंद्यातला एकदम बेसिक फंडा. चाळीस मिनिटं मी बोर्डभर उलटे त्रिकोण काढले, बाण काढले, उदाहरणं लिहिली. वळून बघते तर एकही पेन हलत नव्हतं. निम्म्या बाकांवर वहीच नव्हती. वाटलं, वर्ग साफ बोअर झालाय. पण तास संपायला दोन मिनिटं राहिली आणि चमत्कार झाला. चाळीसेक हात एकदम वर गेले. मला भरूनच आलं, एवढे प्रश्न! नीट पाहिलं तर प्रत्येक हातात मोबाइल होता. खचाखच फोटो निघाले. माझे नाहीत, बोर्डाचे. मी मध्ये येत होते म्हणून पुढच्या बाकावरची एकजण 'मॅम, जरा बाजूला' असंही म्हणाली. आणि मग शेवटच्या बाकावरून तो अजरामर प्रश्न आला, 'मॅम, याची पीडीएफ मिळेल?'

हसू नका. मागच्या मीटिंगमध्ये व्हाइटबोर्डचा फोटो काढून तुम्हीही गॅलरीत टाकलाय. परत कधी उघडलात?

चपला बाहेर काढा

मी काही खडू-फळ्याच्या काळातली नाही. माझी दहावी 2013 ची. म्हणजे आमच्या वर्गात टेक्नॉलॉजी येत होती, पण पाहुण्यासारखी. कॉम्प्युटर लॅब म्हणजे शाळेतलं देवघर. चपला बाहेर काढायच्या, रांगेनं आत जायचं, मॉनिटरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर बाईंनी काढेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. एका कॉम्प्युटरवर तिघं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात कीबोर्ड आणि तिसऱ्यानं नुसतं बघायचं. मी बहुतेक वेळा ती तिसरी. आठवड्याचा तो एक तास पेंटमध्ये डोंगरामागून सूर्य काढण्यात जायचा.

नववीत स्मार्ट बोर्ड आला. नारळ वगैरे फोडला. पहिल्याच दिवशी हृदयाचं थ्री-डी ॲनिमेशन. बाईंनी दिवे घालवले, पडदे ओढले आणि डबा खाल्ल्यानंतरच्या त्या गारेगार अंधारात अर्धा वर्ग झोपी गेला. हृदयाला कप्पे चार असतात आणि अशुद्ध रक्त कुठून कुठे जातं, हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी बाईंनी लाल आणि निळ्या खडूनं फळ्यावर काढलं तेव्हा. त्या काढत होत्या, आम्ही त्यांच्या मागोमाग काढत होतो. चुकलं की खोडत होतो. स्मार्ट बोर्डावरचं हृदय सुंदर होतं, पण आमच्यासाठी थांबत नव्हतं.

वर्गात नवा डबा आला की 'आता हा डबाच शिकवणार' अशी हवा होते. हे फार जुनं आहे. 1913 मध्ये थॉमस एडिसननं भाकीत केलं होतं की, शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं शिक्षण सिनेमातून होईल. आपल्याकडे 1975-76 मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम पोहोचवले गेले. 1984 मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. ते नाव ऐकून ज्यांच्या डोक्यात आत्ता ट्यून वाजली, त्यांचं वय आपण विचारणार नाही. 2017 मध्ये ती बंदही झाली. 2004 मध्ये शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा खास उपग्रह अवकाशात गेला. 2011 मध्ये 'आकाश' हा स्वस्त टॅब आला. यातलं काहीच वाईट नव्हतं. पण प्रत्येक वेळी डबा वर्गात आला आणि पाठोपाठ एक माणूस लागायचाच. डबा लावणारा नव्हे, डबा बंद झाल्यावर 'काय कळलं?' असं विचारणारा.

मग आलं 2020. त्या मार्चमध्ये माझं एम.ए.चं शेवटचं सेमिस्टर चालू होतं. माझी फायनल व्हायव्हा झाली ती घरातल्या बेडरूममध्ये, वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली पायजमा अशा वेशात. बाह्य परीक्षकांचा आवाज तुटत होता. त्यांनी काय विचारलं ते मला आजही माहीत नाही. मी जे उत्तर दिलं त्यावर ते 'व्हेरी गुड' म्हणाले. मला त्यातले चांगले मार्क मिळाले, याचं आता जरा वाईट वाटतं.

91 टक्के मशिन

तर, कॉलेज. ऑगस्टमध्ये मी पहिली असाइनमेंट दिली. आपल्या गावातला किंवा वॉर्डातला पाणीप्रश्न, आठशे शब्द, इंग्रजीत. कॉलेजचं माध्यम इंग्रजी, त्यामुळे तो नियम माझा नव्हता. 42 पैकी 39 जणांनी वेळेत सबमिट केलं. मी थक्क. आम्ही तर डेडलाइनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्या काकांकडे रांग लावायचो.

वाचायला बसले आणि थक्कपणा उतरला. दहा-बारा निबंध एकाच माणसानं लिहिल्यासारखे. सगळ्यांचं पाणी 'क्रूशल', सगळ्यांचा प्रश्न 'मल्टिफॅसेटेड', आणि शेवटी सगळे 'अ बेटर टुमॉरो'कडे निघालेले. 2022 च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं तेव्हापासून जगभरातले शिक्षक या दुखण्यानं हैराण आहेत. मी रात्री साडेअकराला तेच केलं जे त्यातले बरेचजण करतात. 'मशिननं लिहिलंय का?' हे सांगणारी एक फुकट वेबसाइट उघडली आणि एकेक निबंध पेस्ट करत सुटले.

एका निबंधावर लाल पट्टी आली. 91 टक्के मशिन.

तो निबंध होता एका शांत मुलाचा. नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचा आहे, म्हणून आपण त्याला आटपाडीकर म्हणूया. डाळिंबाच्या बागा आणि टेंभू योजनेचं पाणी असा विषय. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात 'फर्दरमोर' नाही तर 'इट इज पर्टिनंट टू नोट दॅट'. वीस-एकवीस वर्षांचा कोण मुलगा 'पर्टिनंट' म्हणतो? माझी खात्री पटली.

पुढच्या गुरुवारी तास सुरू व्हायच्या आधी मी त्याला दारातच गाठलं. 'अरे, हे परत लिहून आण. या वेळी स्वतः लिही.' आजूबाजूला सात-आठ मुलं होती. एकदोघं हसली. तो काही बोलला नाही. 'बरं मॅम,' म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो आलाच नाही.

शंभर पानी वही

त्याच्यानंतरच्या गुरुवारी आला. तास संपल्यावर सगळे गेले, तरी हा टेबलापाशी उभा. पाठीवरच्या सॅकमधून त्यानं एक वही काढली. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. 'मॅम, हे बघता का जरा?'

पहिली सहा पानं मराठीत होती. टेंभूचं पाणी गावात आलं तेव्हा कोण काय म्हणालं, कुणाच्या शेतात आलं, कुणाच्या नाही, डाळिंबावर रोग पडला तेव्हा चुलत्यांनी बाग कशी काढून टाकली. खोडाखोड, बाण, मधेच एक हिशोब. त्याखाली त्याचंच इंग्रजी, पेन्सिलीनं, शब्दांवर शब्द खोडलेले. आणि वहीच्या मागच्या बाजूनं सुरू होणारी एक यादी. 'फर्दरमोर: याशिवाय. इन कन्क्लूजन: शेवटी. इट इज पर्टिनंट टू नोट दॅट: हे लक्षात घेणं योग्य.' अशी चारशेच्या वर वाक्यं, नंबर घातलेली.

'हे कुठून?' मी विचारलं.

'लॉकडाउनमध्ये उतरवलेली, मॅम. यूट्यूबवरनं.'

मग त्यानं सांगितलं. वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात कामाला. सोनं-चांदी गाळायचा धंदा, त्या भागातले हजारो लोक देशभर तेच करतात. 2020 मध्ये दुकान बंद झालं, वडील गावी आले आणि त्यांच्याबरोबर घरात पहिला स्मार्टफोन आला. तोवर घरी साधा बटणांचा फोन. एक फोन, तीन भावंडं. बहीण बारावीला म्हणून दिवसा फोन तिचा, धाकट्याला संध्याकाळी एक तास, हा दहावीला, त्याचा नंबर रात्री नऊनंतर. भिंतीवर टाइमटेबल चिकटवलेलं. तोवर दिवसाचा दीड जीबी डेटा संपत आलेला, म्हणून बहिणीनं दुपारीच याचे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचे. रेंजसाठी टाकीवर चढावं लागायचं ते वेगळंच.

'मग कळायचं का काही?' मी जरा मास्तरकीच्या सुरात विचारलं.

तो पहिल्यांदा हसला. 'मॅम, खरं सांगू? शाळेपेक्षा जास्त कळलं. शाळेत आम्ही सत्तर जण. नाही कळलं तर हात वर करायची लाज वाटायची. मोबाइलवर सर परत परत सांगायचे. पायथागोरस मी अकरा वेळा ऐकलाय. कुणी हसलं नाही.'

पण ज्या परीक्षेसाठी हे सगळं केलं ती झालीच नाही. 2021 ची दहावीची बोर्डाची परीक्षा कोरोनामुळे रद्द झाली आणि राज्यातली 99.95 टक्के मुलं अंतर्गत गुणांवर पास झाली. आपण तेव्हा त्या बॅचवर मीम फॉरवर्ड केले होते. मीसुद्धा.

आटपाडीकर अपवाद नव्हता. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांचे आकडे बघा. 2018 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 36.5 टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. 2020 मध्ये 61.8 टक्के, 2021 मध्ये 67.6 टक्के. शाळा बंद झाली म्हणून लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. पण त्याच 2021 च्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. घरात फोन असूनही सुमारे 26 टक्के मुलांच्या हाती तो येतच नव्हता. फोन कामावर गेलेल्या बापाच्या खिशात. म्हणजे फोन घरात येणं वेगळं आणि शिक्षण घरात येणं वेगळं.

सॉरीचा तास

त्या रात्री मी ते करायला बसले जे आधी करायला हवं होतं. रिपोर्टिंग शिकवणारी बाई मी, आणि एका वेबसाइटच्या एका आकड्यावर बातमी छापून मोकळी झाले होते. दुसरा सोर्स? समोरच्याची बाजू? विसरा.

हे डिटेक्टर चालतात कसे, ते थोडक्यात सांगते. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर त्यांचा मुख्य भर असतो. शब्द अपेक्षित, वाक्यं सरळसोट, तर म्हणे मशिन. आता मला सांगा, इंग्रजी शिकून लिहिणारा मुलगा कसा लिहिणार? जपून, पाठ केलेल्या वाक्यांत, ठरलेल्या शब्दांत. 2023 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले. सरासरी 61 टक्के निबंध त्यांनी मशिनचे ठरवले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळपास बरोबर ओळखले. आणि ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं, त्या ओपनएआयनंही आपला स्वतःचा डिटेक्टर 2023 च्या जुलैत, अचूकता कमी पडते म्हणून, बंद केला. बनवणाऱ्यांनाच खात्री नाही आणि मी रात्री साडेअकराला निकाल देऊन बसले.

त्याला मी सात-आठ जणांसमोर बोलले होते, त्यामुळे सॉरीही सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी म्हटलं. वर्गात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आटपाडीकर खाली बघत होता. 'असू द्या मॅम,' एवढंच म्हणाला.

गंमत पुढे आहे. तास संपल्यावर एक मुलगी आली. तिच्या निबंधाला मी दहापैकी नऊ दिले होते, वर 'फ्रेश आणि प्रामाणिक' असा शेराही. कारण त्यात दोन ठिकाणी व्याकरण चुकलेलं, एक वाक्य अर्धवट, एकदम माणसासारखं. ती म्हणाली, 'मॅम, तुम्ही सॉरी म्हणालात म्हणून सांगते. ते मी एआयकडून लिहून घेतलंय. त्याला सांगितलं होतं, दोन-तीन चुका ठेव.'

डिटेक्टरनं तिच्या निबंधाला हिरवी पट्टी दिली होती.

मग मी काय केलं?

सगळ्यात आधी ती वेबसाइट बंद केली. मग मोबाइलबंदीचा विचार केला. त्यात मी एकटी नव्हते. फ्रान्सनं 2018 मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाइल वापरायला बंदी केली. स्वीडननं 2023 मध्ये स्क्रीनकडून परत छापील पुस्तकांकडे वळायचं ठरवलं. त्याच वर्षी युनेस्कोच्या अहवालानंही सांगितलं की, तंत्रज्ञान शिकण्याला मदत करत असेल तरच वर्गात हवं, नुसतं आलं म्हणून नको. पण माझ्यासमोर वीस-एकवीस वर्षांची मतदार माणसं बसतात. त्यांचे फोन मी काय जमा करणार? शिवाय उद्या रिपोर्टर झाल्यावर त्यांना रेकॉर्डिंग, शूटिंग, एडिटिंग त्याच फोनवर करायचंय.

मग अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या दोन केमिस्ट्री शिक्षकांची आयडिया उसनी घेतली. जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी 2007 मध्ये वर्ग बुडवणाऱ्या मुलांसाठी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आलं की, लेक्चर मुलं घरी ऐकू शकतात, मग वर्गातला वेळ सोबत बसून काम करायला वापरता येईल. त्याला आता 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. म्हणजे घरचा अभ्यास वर्गात आणि वर्गाचं लेक्चर घरी.

आता मी पंधरा मिनिटांचा ऑडिओ बुधवारी ग्रुपवर टाकते. हवा तर दीडच्या स्पीडनं ऐका, हवा तर आटपाडीकरसारखा अकरा वेळा. गुरुवारी वर्गात लेक्चर नाही. वर्गात लिहायचं, पेननं, माझ्यासमोर. बोर्डाचा फोटो काढायला मनाई नाही, पण आधी बोर्ड पुसून तेच आपल्या शब्दांत पाच ओळींत लिहायचं आणि मग फोटोशी ताडून बघायचं. यामागेही थोडं शास्त्र आहे. 2014 मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांनी लॅपटॉपवर आणि हातानं नोट्स घेणाऱ्यांची तुलना केली. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवत होते, हातानं लिहिणाऱ्यांना तेवढा वेगच नसल्यामुळे काय महत्त्वाचं ते निवडावं लागत होतं, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत तेच पुढे निघाले. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका ठसठशीत दिसला नाही, हेही सांगायला हवं. तेव्हा पेनाची जादू वगैरे मी म्हणणार नाही. निवडावं लागणं महत्त्वाचं. फोटोला निवडावं लागत नाही.

आणि असाइनमेंट? मंडईत जा, तीन माणसांशी बोला, जे नेटवर सापडणार नाही असं एक वाक्य घेऊन या. मग तोंडी सांगा. मी मधेच विचारणार, 'तो माणूस हे बोलताना काय करत होता?' एआयनं लिहून दिलेलं चालेल, पण मंडईत त्याला पाठवता येणार नाही.

सगळं झक्कास चाललंय असं समजू नका. 42 जणांचं तोंडी ऐकायला तीन गुरुवार गेले. पोर्शन मागे पडला. 'हात दुखतो मॅम,' अशी तक्रार रोज असते आणि काहींचं अक्षर बघून मला केमिस्टची मदत घ्यावी असं वाटतं. मानधन अर्थातच तेवढंच आहे. ऑडिओ न ऐकताच येणारे दहा-बारा तर कायम असतात. पण परवा एका मुलीनं मंडईतल्या लिंबूवालीचं एक वाक्य आणलं आणि वर्ग अर्धा तास त्यावर भांडत होता. एकही फोन वर नव्हता. पीडीएफ कुणी मागितली नाही.

आधी कानडी, मग कोड

आटपाडीकरची वही पाहिल्यापासून मला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी सारखे आठवतात. 2020 च्या डिसेंबरमध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पाठ्यपुस्तकांतला क्यूआर कोड. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले.

पण गोष्टीतला आधीचा भाग कमी सांगितला जातो. ते 2009 मध्ये गावात आले तेव्हा शाळेची इमारत गोठ्याशेजारी होती. मुलांच्या घरची भाषा कानडी, पुस्तकं दुसऱ्या भाषेत. गुरुजी आधी कानडी शिकले. मग पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली. मग कोड. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पोरगं कुठे अडलंय हे आधी एका माणसानं पाहिलं, मग त्या जागी टेक्नॉलॉजी लावली. आपण बहुतेक ठिकाणी उलटं करतो. आधी डबा विकत घेतो, मग त्यात घालायला मुलं शोधतो.

नेक्स्ट, नेक्स्ट, सबमिट

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कॉलेज सोडून पाच-सात वर्षं झाली, आम्हाला काय त्याचं? ऑफिसातलं ते ई-लर्निंग मॉड्यूल आठवा. सायबर सिक्युरिटी, वर्षातून एकदा, कंपल्सरी. आवाज म्यूट, एका विंडोत व्हिडिओ, दुसऱ्या विंडोत एक्सेल. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, शेवटी क्विझ, चुकलं की परत, तिसऱ्या फटक्यात शंभर टक्के, सर्टिफिकेट डाउनलोड. आणि मग संध्याकाळी 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तोडण्यात येईल' या मेसेजमधल्या लिंकवर क्लिक.

'असर'च्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांना विचारलं होतं. फोन वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कुठल्या तरी कामासाठी वापरला होता. सोशल मीडियासाठी 76 टक्क्यांनी. नावं ठेवायची घाई करू नका. हाच सर्व्हे आपल्या ऑफिसात घेतला तर 57 तरी येतील का?

माझ्या मते आटपाडीकरच्या पिढीला टेक्नॉलॉजीनं एक फार मोठी गोष्ट दिली, जी आपल्याला नव्हती. न लाजता परत ऐकायची सोय. सत्तर जणांच्या वर्गात मागे पडणाऱ्यासाठी ही चैन नव्हे, ही इज्जत आहे. आणि त्याच टेक्नॉलॉजीनं मला, त्याच्या शिक्षिकेला, दुसरी एक सोय दिली. मुलाकडे न बघता त्याच्याविषयी मत बनवायची. पहिल्या सोयीनं तो इथवर आला. दुसऱ्या सोयीनं मी त्याला दारातच अडवला.

गेल्या गुरुवारची गोष्ट सांगून थांबते. विषय होता आकडेवारीची बातमी. टक्के आणि टक्केबिंदू यांतला फरक. पाच टक्क्यांवरून सात टक्के झालं तर वाढ किती? दोन टक्के नव्हे, दोन टक्केबिंदू. टक्क्यांत म्हटलं तर चाळीस टक्के. मी सांगितलं, वर्गानं माना हलवल्या. कळलेल्या माना आणि न कळलेल्या माना सारख्याच हलतात, हे आता मला माहीत झालंय.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. मोबाइल नसलेला. आटपाडीकर.

'मॅम, नाही कळलं. परत सांगा.'

मी परत सांगितलं, त्याच शब्दांत. त्यानं मान हलवली. नाही. मग मी टक्के सोडले आणि डाळिंबं घेतली. शंभर झाडांतल्या पाच झाडांवर रोग होता, आता सातांवर आहे. शंभरातली दोन झाडं वाढली, बरोबर? पण तुझ्या चुलत्यांना विचार, रोगट झाडं किती वाढली? पाचावर दोन. त्याचा चेहरा उजळला. शेजारच्या चार-पाच जणांचाही उजळला, ज्यांनी आधी जोरात माना हलवल्या होत्या.

व्हिडिओ अकरा वेळा लावला तरी अकराही वेळा तेच वाक्य म्हणतो. मला बारावं वाक्य सुचलं, कारण तो समोर बसला होता आणि त्यानं हात वर केला होता. पगार मिळतो तो बहुधा त्याच बाराव्या वाक्याचा.

मी जरा भारावून मार्कर खाली ठेवला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला,

'मॅम, डाळिंबाची पीडीएफ मिळेल?'